दोन रुक्मिणी-स्वयंवरे आणि एक कुलूप : सुलतानी वऱ्हाडातील अल्पसंख्य



सुलतानी अमलाखाली लहान लहान धर्मसमूह कसे जगले, हा आजचा विषय. तो कौंडण्यपुरात मांडायचा तर सनावळ्यांपेक्षा काव्यापासून सुरुवात करणे आम्हांला अधिक योग्य वाटते. हे गाव रुक्मिणीचे माहेर. या माहेराच्या कथेवर मराठीत जी अनेक काव्ये झाली, त्यांत दोन फार मोठी आहेत. पहिले नरेंद्र कवीचे 'रुक्मिणी स्वयंवर', १२९२ च्या सुमाराचे. दुसरे संत एकनाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर', १५७१ सालचे. दोन्हींचा विषय एक, नायिका एक, नगरी एक. पण नशीब मात्र एक नाही.

नाथांचे काव्य घरोघर गेले. लग्न जुळावे म्हणून मुलींनी त्याचे पारायण करायचे, ही रीत आपल्याकडे आजही आहे. नरेंद्राचे काव्य मात्र कित्येक शतके सांकेतिक लिपीत बंद होते. नरेंद्र महानुभाव पंथाचा. पंथाच्या 'साती ग्रंथां'त त्याच्या काव्याला मानाचे स्थान आहे. हे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत लिहून ठेवलेले. सकळ लिपी म्हणजे काय, तर एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहायचे. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच वाचता येणार. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ही किल्ली मिळवली आणि मग मराठी माणसाला कळले, की आपल्या घरात एवढे मोठे कपाट होते आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

आता प्रश्न असा : हे कुलूप घातले कोणी?

तयार उत्तर आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे. 'सुलतानी आली, देवगिरी पडली, ग्रंथ लपवावे लागले.' याच्या उलट बाजूचेही एक तयार उत्तर आहे. 'छे, सुलतानांच्या काळात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, भांडणे इंग्रजांनी लावली.' आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्या धंद्याची एक खोड अशी, की उत्तर फार लवकर मिळाले तर प्रश्न पुन्हा वाचून पाहायचा. तो वाचू या.

आधी काव्यांविषयी दोन शब्द, नाहीतर काव्याला नुसते साक्षीदार म्हणून उभे केल्याचा दोष लागेल. नरेंद्राचे काव्य दरबारी घडणीचे आहे. वर्णन हा त्याचा प्राण. रुक्मिणीची विरहावस्था तो अशा बारकाव्याने रंगवतो, की कथा पुढे सरकली नाही तरी वाचकाची तक्रार नसते. एकनाथांची चाल वेगळी. अठरा प्रसंगांत ते लग्न लावतात आणि ते लग्न आपल्या ओळखीचे असते. रुसवेफुगवे, मानपान, वऱ्हाडी मंडळींची गडबड, सगळे मराठी अंगणातले. त्या अंगणातच ते जीव-शिवाचे ऐक्य सांगून जातात. रसिकतेच्या तराजूत आम्हांला नरेंद्र जड वाटतो. लोकांच्या तराजूत नाथ जड आहेत, आणि लोकांचेही काही चुकले नाही. पण नरेंद्राला त्या तराजूत बसूच दिले नाही, हे मात्र चुकले.

आता काळाकडे वळू. नरेंद्र लिहीत होता तेव्हा देवगिरीवर रामदेवरावांचे राज्य होते. महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त एक आठवण आहे. राजाला काव्य इतके आवडले, की ते आपल्या नावावर करून दे, असे तो मोबदला देऊ करून म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. म्हणजे राज्य स्वधर्मीयाचे असले तरी कवीला राजापासून आपले नाव जपावे लागले. पुढे १२९४ ते १३१८ या काळात देवगिरी खिळखिळी होऊन संपली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही आली, तिची राजधानी एलिचपूर, आपले अचलपूर. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड गिळले आणि १५९६ मध्ये ते मोगलांच्या पदरात पडले.

या सनावळीत १५७१ साल ठेवून पाहा. एकनाथ पैठणचे, पैठण निजामशाहीत. काव्य पूर्ण झाले काशीला, आणि काशी अकबराच्या राज्यात. ज्या नगरीच्या राजकन्येचे हे लग्न, ते कौंडण्यपूर त्या वेळी इमादशाहीत. एक मराठी ब्राह्मण एका सुलतानाच्या मुलखातून निघतो, एका बादशहाच्या शहरात बसून तिसऱ्या सुलतानाच्या हद्दीतल्या गावाचे मंगलकार्य लिहितो. त्यासाठी त्याला लिपी बदलावी लागत नाही. काशीत नाथांच्या भागवताला विरोध झाल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेत विरोध करणारे कोण? बादशहाचे काजी नव्हेत. मराठीत कसे लिहिलेस, म्हणून जाब विचारणारे पंडित.

आपल्या नैयायिकांनी कारण ओळखायची एक रीत सांगितली आहे : अन्वय आणि व्यतिरेक. जिथे कारण आहे तिथे कार्य असले पाहिजे, आणि जिथे कारण नाही तिथे कार्यही नसले पाहिजे. सुलतानी हे कुलपाचे पुरेसे कारण असेल, तर सुलतानीखालचा प्रत्येक पंथ कुलूपबंद दिसायला हवा. दिसतो का? ज्ञानेश्वरी कोणी सांकेतिक लिपीत घातली नाही. वारकऱ्यांचे अभंग चौकात गायले जात होते. इतकेच कशाला, परंपरा सांगते की इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी १५९४ मध्ये संत सदाराम महाराजांनी सुरू केली. ते साल निजामशाहीचे. दोनच वर्षांनी इथे मोगल आले. पंढरपूर त्या वेळी आदिलशाहीत. पालखी एका राज्यातून निघायची आणि दुसऱ्या राज्यात पोचायची. मधल्या सगळ्या लढायांत धनी बदलत गेले, तरी लेकीला सासरी पोचवायची रीत मोडली नाही. मग सुलतान तोच असताना वारकरी उघड्यावर आणि महानुभाव कुलपात, असे का?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गुप्तता हा पंथाच्या शिस्तीचा भाग असू शकतो. दीक्षा घेतल्याशिवाय शास्त्र मिळू नये, असे अनेक संप्रदाय मानतात. युद्धाच्या धामधुमीत पोथ्या नष्ट होतील, ही भीतीही खरी होती. दोन्ही मान्य. पण ही दोन कारणे धरूनही एक शेष उरतो. तो शेष म्हणजे शेजारी.

महानुभावांनी शेजाऱ्यांना काय दुखवले होते? परमेश्वर एकच, इतर देवतांची भक्ती मोक्ष देत नाही. दीक्षेत जातीचा विटाळ नाही, स्त्रियांनाही संन्यासाचा अधिकार. शास्त्राची भाषा मराठी. यांतले एकेक वाक्य त्या काळच्या व्यवस्थेच्या मुळावर येणारे होते. पैठणच्या ब्राह्मणसभेपुढे चक्रधरांचा न्याय झाला, त्यांचा छळ झाला, अशी आठवण पंथाने जपली आहे. ती आठवण सुलतानीतली नाही, यादवांच्या राज्यातली आहे. आणि त्यानंतर पाच शतकांनी, १७८२ साली, पेशवाईत सरकारी हुकूम निघाला तोही महानुभावांच्या विरोधात. सुलतानीच्या आधी छळ, सुलतानीच्या नंतरही बहिष्कार. इथे व्यतिरेक मोडतो. कारण काढून घेतले तरी कार्य उरतेच आहे. तेव्हा कारण एकटे ते नव्हते.

आणखी मोठा पुरावा हवा असेल तर शब्दकोश उघडा. 'मानभावी' या शब्दाचा अर्थ काय दिला आहे? वरून गोड, आतून कपटी. महानुभाव या शब्दाचे हे झाले. आणि म्हण काय? 'बोलणे मानभावाचे, करणी कसाबाची.' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यात काय आहे ते सावकाश पाहा. एका वाक्यात दोन लहान समाज धरले आहेत. एकाची अहिंसा खोटी ठरवली, दुसऱ्याचा धंदा शिवीसारखा वापरला. काळी वस्त्रे घालून जीवजंतूंना जपत चालणारा साधू आणि खाटीकखान्यात राबणारा कसाई, दोघांनाही एकाच दोरीने बांधले. ही म्हण कोणत्या सुलतानाच्या फर्मानाने आली? कोणत्याच नाही. ती आपल्या ओट्यावर तयार झाली.

आता कोणी म्हणेल, सर सुलतानांना सोडून देताहेत. नाही. मराठी भाषेने त्यांनाही सोडलेले नाही. 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द पाहा. दुष्काळ आणि राज्यकर्ता यांना भाषेने एका पंक्तीला बसवले. हा शब्द पाठीवर वळ उठल्याशिवाय येत नाही. देवगिरीच्या किल्ल्यात चौदाव्या शतकातली मोठी मशीद आहे, जिच्यात आता भारतमातेची मूर्ती आहे. तिचे खांब जुन्या मंदिरांचे आहेत, ते डोळ्यांनी दिसते. इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला हा फेरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा. लढाईत लहानपणी धरून आणला, मुसलमान म्हणून वाढवला. तो सुलतान झाला, ही गोष्ट काही जण कौतुकाने सांगतात. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरच्या गंडभेरुंडात त्याच्या मूळ मुलखाची आठवण शोधतात. शोधावी. पण पकडलेल्या प्रत्येक पोराला राज्य मिळत नाही, आणि ज्याला मिळाले त्यालाही आईबाप परत मिळत नाहीत. तुर्कस्तानच्या ओस्मानी राज्यात बाल्कन प्रांतातल्या ख्रिस्ती कुटुंबांतून मुले अशीच उचलून नेत, त्यांतले काही वजीर झाले. आणि त्याच ओस्मानी सुलतानाने १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना आसरा दिला. दोन्ही खरे. एकाने दुसरे खोडले जात नाही, आणि दोघांची बेरीज-वजाबाकी करून 'एकंदरीत बरे' असा शेरा मारणे हे तर नीतिशास्त्राचे वाटोळे आहे.

जिझियाचेही तसेच. अकबराने तो १५६४ मध्ये काढला, औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसवला. सालाला गरिबाला १२, मध्यमाला २४, श्रीमंताला ४८ दिरहम असे शास्त्रातले दर. स्त्रिया, मुले, अपंग यांना सूट. हिशेबी माणूस म्हणेल, रक्कम सोसण्यासारखी होती. गरिबाला विचारा, त्याला ती सोसवत नव्हती. पण रक्कम हा मुद्दाच नव्हता. तू इथला आहेस, पण आमच्या परवानगीने आहेस, हे दर वर्षी पावती देऊन सांगणे, हा मुद्दा होता.

वऱ्हाडातला तिसरा नमुना कारंज्याच्या जैनांचा. कारंजा लाड येथे दिगंबर जैनांच्या तीन भट्टारक गाद्या नांदल्या : सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. सुलतानी आणि मोगलाई या दोन्ही काळांत तिथे पोथ्या लिहिल्या गेल्या, आणल्या गेल्या, जपल्या गेल्या. सतराव्या शतकात शीलविजय नावाचे श्वेतांबर मुनी यात्रा करीत आले, त्यांनी तिथल्या संपन्नतेचे वर्णन केले आहे. विसाव्या शतकात अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे डॉ. हीरालाल जैन यांनी ही भांडारे उघडली. पुष्पदंताच्या अपभ्रंश काव्यांसारखे ग्रंथ त्यांतून छापून बाहेर आले. मराठीच्या पूर्वजांचा मोठा ठेवा कारंज्याच्या जैनांनी आपल्यासाठी सांभाळला, हे वऱ्हाडातल्या किती मराठी शिक्षकांना ठाऊक आहे?

जैनांनी सांकेतिक लिपी वापरली नाही. त्यांचे कुलूप लाकडी दाराला होते, अक्षरांना नव्हते. का? त्यांच्याकडे व्यापार होता. राज्यकर्त्याला सावकार लागतो, शेजाऱ्यालाही लागतो. पण पैशाचे चिलखत किती पातळ असते तेही कारंज्यानेच पाहिले. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजे लुटले, धनिकांना दंडासाठी धरून नेले. ती लूट धर्मासाठी नव्हती, मोगलांचा खजिना फोडण्यासाठी होती. महाराजांच्या बाजूने पाहिले तर ते राजकारण चोख होते. पण मोगल मुलखातल्या व्यापाऱ्याच्या दारात उभे राहून पाहा. राज्य आपले नाही आणि लुटणाराही आपल्यासाठी आलेला नाही, ही अवस्था असते लहान समाजाची. त्याची बाजू घेणारी फौज कुठेच नसते.

तेव्हा वऱ्हाडात आम्हांला तीन रीती दिसतात. वारकऱ्यांना संख्येने तारले. जैनांना पैशाने तारले. महानुभावांकडे दोन्ही बेताचे, म्हणून त्यांनी कुलूप घातले. काही जण तर देशच बदलून गेले. पंजाबात आणि पार काबूलपर्यंत महानुभावांचे मठ झाले, तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. गंमत पाहा, रिद्धपूरच्या वाटेवर शेजाऱ्याला चुकवणारा पंथ पठाणांच्या मुलखात मठ बांधून राहतो, आणि तिथेही पोथी मराठीच वाचतो.

यावरून 'अल्पसंख्य' या शब्दाविषयी एक गोष्ट लक्षात येते. हा शब्द खानेसुमारीनंतरचा आहे. इंग्रजांनी माणसे मोजली तेव्हा कोण किती हे कळले. सुलतानीत मोजदाद नव्हती, आणि मोजले असते तर राज्यकर्त्यांचा समाजच वऱ्हाडात थोडका निघाला असता. तेव्हाचा प्रश्न संख्येचा नव्हता, कोणाच्या मर्जीवर कोण जगतो याचा होता. हिंदू संख्येने मोठे होते आणि सत्तेने लहान. महानुभाव सत्तेनेही लहान आणि त्या हिंदूंतही लहान. म्हणजे दुहेरी लहान. सुलतानीवर लिहिणारे बहुतेक लेखक पहिले लहानपण पाहतात, दुसरे पाहत नाहीत. आमची त्यांच्यावरची मुख्य टीका हीच. तुम्ही आपल्या जखमेचा इतिहास लिहिता, तो लिहायलाच हवा. पण जखम झालेल्या हाताने दुसऱ्याला काय केले, ते पान तुम्ही कोरे सोडता.

आता एकनाथांकडे पुन्हा येऊ. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. त्यात तुर्क हिंदूला मूर्तिपूजेवरून, देवांच्या चरित्रांवरून, सोवळ्याओवळ्यावरून चिडवतो. हिंदूही त्याला त्याच्या शास्त्रातल्या विसंगतींवरून तितकेच चिडवतो. शिव्याशापांपर्यंत जाते आणि शेवटी दोघे एकमेकांना मिठी मारतात. निजामशाहीत राहणारा माणूस राज्यकर्त्याच्या धर्माला भरचौकात प्रतिप्रश्न करतो, हे धैर्य आहे. त्याहून मोठे म्हणजे तो स्वतःच्या धर्मावरचे आक्षेपही पुरे मांडू देतो. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्ही या रचनेला वाकून नमस्कार करतो. पण त्या चौकात दोघेच आहेत. महानुभाव तिथे नाही, जैन नाही. दोन मोठ्यांची मिठी पडली, की लहानांचा प्रश्न सुटला असे वाटू लागते. तसे होत नाही.

नाथांनीच 'अर्जदस्त' नावाची रूपके लिहिली. जीव हा सरकारदरबारी अर्ज करणारा रयत, आणि भाषा फारसी वळणाची कचेरीतली. त्या काळात माणसाला देवाशीही अर्जदाराच्या नात्याने बोलावेसे वाटले, यात त्या युगाचे सगळे राजकारण आले. जे मिळायचे ते अर्ज करून, धन्याच्या मेहेरबानीने. सनद मिळाली तर देऊळ, इनाम, सूट. पुढचा धनी आला की सनद नवी करून घ्या.

सनद आणि हक्क यांत फरक काय? सनद देणारा वर असतो, घेणारा खाली. सनद उदार असू शकते, पण ती परत घेता येते. हक्क कोणी देत नाही, म्हणून कोणी काढून घेऊ शकत नाही. निदान तसे आपण १९५० मध्ये लिहून ठेवले. संविधानाच्या २५ ते ३० या कलमांत धर्माचे, संस्कृतीचे आणि अल्पसंख्यांच्या शिक्षणसंस्थांचे हक्क आहेत. ते इमादशहाच्या फर्मानापेक्षा वेगळे का? कारण त्यांत 'आम्ही तुम्हांला राहू देतो' हे वाक्य नाही.

आणि हेच वाक्य आज आमच्या कानावर पुन्हा पडते, म्हणून हे सगळे बोलावेसे वाटले. 'आम्ही त्यांना राहू दिले ना?' 'आमच्या इथे त्यांना कोणी त्रास देत नाही.' हे म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुतेक वेळा चांगलीच असतात. पण वाक्य सुलतानाचे आहे. भला सुलतान असेल, पण सुलतानच. ज्यांना सुलतानी खरोखर नकोशी आहे, त्यांनी आधी हे वाक्य टाकले पाहिजे. आज वऱ्हाडात मुसलमान संख्येने थोडे आहेत, बौद्ध, जैन, ख्रिस्ती, महानुभाव आहेत. कोणाच्या पूर्वजांनी काय केले याचा हिशेब आजच्या पोरांकडून वसूल करायचा ठरवला, तर १७८२ च्या हुकमाचा आणि त्या म्हणीचा हिशेब रिद्धपूरने आपल्याकडे मागावा का? रिद्धपूरने तो मागितला नाही. त्यांनी लिपीची किल्ली दिली, पोथ्या दिल्या. आज मराठी भाषेचे विद्यापीठ त्याच रिद्धपुरात उभे आहे.

शेवटी एक सूचना करतो. कार्तिकात इथे यात्रा भरते. त्या दिवसांत नाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर' वाचले जाते, ते वाचावेच. पण त्याच्या आधी एक दिवस नरेंद्राचेही वाचा. रिद्धपूरच्या मंडळींना बोलवा, वाचणारा त्यांच्यातला असू द्या. भाषा जुनी आहे, सगळी कळणार नाही. हरकत नाही, अर्थ सांगणारे भेटतील. आणि तोपर्यंत एवढे करू या, की 'मानभावी' हा शब्द आपल्या तोंडून शिवी म्हणून जाणार नाही. याला ना कायदा लागतो, ना सनद.

एवढे बोलून थांबतो.